एका थेंबाचा इतिहास

दिवाळी अंकातल्या इतिहासविषयक लेखात वाचकांना एखादा गड भेटावा, एखादा तह भेटावा, निदान वाळवीने खाल्लेले एखादे दप्तर तरी भेटावे, अशी रास्त अपेक्षा असते. ज्याने पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्याच्याकडून तर ती अधिकच. परंतु मी आज ज्या विषयावर लिहिणार आहे, तो म्हणजे आमच्या अंगणातल्या फरशीवर पडलेला तेलाचा एक डाग. तो डाग आमच्या जुन्या जीपगाडीच्या मागच्या डाव्या चाकाखाली पडला होता. त्याचे कारण शोधताना मी माझ्याच विद्येत नापास झालो, आणि एका भल्या माणसाला नाही ते बोलून बसलो. ती कहाणी सांगण्याआधी हे तेल गाडीच्या आसात आले कोठून, आणि तिथे ते राहते तरी कसे, हे सांगणे प्राप्त आहे.

आपल्या बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. गाडीच्या पोटाशी वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान थांबे, कुणी काढी, चाक जरासे बाहेर ओढी, वंगण चोपडी आणि पुढे निघे. हे वंगण सांडायचेच, हे त्यात गृहीत असे. गाडीवानाच्या धोतरावर काळा डाग असणे हे त्याच्या धंद्याचे चिन्ह होते. त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नसे.

मोटारीने हा व्यवहार उलटा केला. तिच्यात आसाचा दांडाच फिरतो, आणि चाक त्याच्या टोकाला घट्ट बसवलेले असते. दांडा फिरतो एका लोखंडी नळीत. नळीच्या मध्यभागी जे फुगीर पोट दिसते, त्यात दातेरी चाकांची जोडी असते. आपले मेस्त्री तिला क्राऊन आणि पिनियन म्हणतात. इंजिनाकडून लांबीच्या दिशेने आलेली फिरकी ही जोडी काटकोनात वळवून दोन्ही चाकांना देते. आमच्या जीपमध्ये पिनियनला दात ८ आणि क्राऊनला ४३. म्हणजे चाक एकदा फिरायला पिनियनला पाचांहून अधिक वेळा फिरावे लागते. हे दात एकमेकांवर नुसते दाबत नाहीत, घसरतातही. म्हणून त्यांना साधे तेल चालत नाही. गंधकाची संयुगे घातलेले दाट तेल लागते. त्या तेलाचा उग्र वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. तर असे हे सुमारे सव्वा लिटर तेल त्या पोटात कोंडलेले असते, आणि दांड्याची दोन टोके मात्र बाहेर चाकांपर्यंत गेलेली असतात. फिरता दांडा बाहेर जावा, पण त्याच्याबरोबर तेल जाऊ नये, हा खरा पेच आहे.

हा पेच ज्यांनी सोडवला, ते मूळचे कातड्याच्या धंद्यातले लोक होते. जर्मनीत वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग घराण्याचा १८४९ पासून चामडे कमावण्याचा कारखाना होता. १९२९ साली जगभर मंदी आली, चामड्याचा बाजार बसला, आणि मोटारींसाठी चामड्याच्या सीला बनवण्याचे काम ह्या घराण्याने हाती घेतले. वाल्टर सिमर नावाच्या इंजिनियरने फिरत्या दांड्यावर बसणारी जी सील तिथे घडवली, तिला त्याच्याच नावावरून ‘सिमरिंग’ हे नाव पडले. पुढे १९३६ च्या सुमारास चामड्याच्या जागी तेलाला न विरघळणारे कृत्रिम रबर आले. अमेरिकेतही ह्या धंद्यातले एक मोठे नाव शिकागो रॉहाइड. तीही कंपनी मुळात यंत्रांचे कातडी पट्टे बनवणारी. आपल्याकडे तेला-तुपाचे बुधले कातड्याचे, विहिरीवरची मोट कातड्याची; तेव्हा पाणी आणि तेल अडवायला कमावलेले कातडे लागते, हे आपल्या चर्मकारांना सांगण्याची गरज कधी नव्हती. पण ही विद्या मोटारीच्या पोटात जाऊन बसेल, असे त्यांच्यापैकी कोणाला वाटले नसेल.

सीलची रचना अगदी साधी. लोखंडी कड्यात रबराची एक पातळ ओठासारखी कड असते, आणि त्या ओठावर बारीक स्प्रिंगचे वेटोळे बसवलेले असते. स्प्रिंग ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरते. दांडा ओठाखाली फिरत राहतो आणि तेल आतल्या आत राहते. ओठ फाटला, कडक झाला, किंवा दांड्यावरच चर पडली, तर तेल वाट काढते.

आता जीपविषयी. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांना विचारणा केली, की चारी चाके ओढणारी एक छोटी, हलकी गाडी आम्हांला हवी आहे. नमुना ४९ दिवसांत द्या. इतक्या घाईला बहुतेकांनी हात जोडले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही लहानशी, डबघाईला आलेली कंपनी मात्र पुढे सरसावली. कार्ल प्रॉब्स्ट ह्या इंजिनियरने आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना मेरीलँडमधल्या लष्करी तळावर वेळेत हजर झाला. इतक्या थोड्या दिवसांत आस नव्याने घडवणे शक्यच नव्हते. म्हणून स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चँपियन ह्या घरगुती मोटारीच्या आसातच फेरफार करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड ह्या दोन कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. कुटुंबाला रविवारी फिरवून आणणाऱ्या मोटारीचा आस रणांगणात गेला तो असा!

युद्ध संपल्यावर सैन्याच्या उरलेल्या गाड्या आपल्याकडेही विकल्या गेल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद ह्या पोलादाच्या व्यापारी पेढीने विलीजशी करार केला. ह्या पेढीचे नाव १९४८ मध्ये महिंद्र आणि महिंद्र झाले, आणि मुंबईत माझगावला जीपची जोडणी होऊ लागली. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ‘जीप आली’ ह्या दोन शब्दांना खेड्यात एक वेगळाच अर्थ प्राप्त झाला. जीप आली म्हणजे साहेब आले, बियाणे आले, लस आली, किंवा वसुली आली. १९५३ साली अमेरिकेत उंच बॉनेटचे एक मॉडेल निघाले. तिकडे ते १९६८ मध्ये बंद झाले, पण आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षे बनत राहिले. आमची गाडी त्याच वाणाची. एका सरकारी खात्याच्या लिलावात माझ्या वडिलांनी ती घेतली, आणि त्याच दिवशी तिच्यासाठी एक वहीही घातली. पेट्रोल किती, तेल किती, कोणत्या तारखेला काय बदलले, हे सारे त्या वहीत त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आहे. वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, आणि वहीही.

आता माझ्या थेंबाकडे येतो. गेल्या वर्षी आषाढात एका सकाळी मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचे ओघळ दिसले. मी आमच्या मेस्त्रींना बोलावले. हे मेस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे. आता सत्तरी ओलांडलेली, पण हात अजून स्थिर. त्यांनी ओघळाला बोट लावले, चिमटीत चोळले, हुंगले. मग एक थेंब पाण्याच्या वाटीत सोडला. तो तरंगत राहिला.

“ब्रेकचं न्हाई, आसाचं हाय,” ते म्हणाले. “ब्रेकचं असतं तर पाण्यात मिसळलं असतं. आन् ह्याला गंधकाचा वास हाय.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “मास्तर, कधीपासनं गळतंय?”

“पाऊस लागल्यापासून,” मी म्हणालो. मी हे अगदी सहज बोलून गेलो. ह्या उत्तराची किंमत पुढे मला मोजावी लागली.

मेस्त्रींनी सील बदलली. तीन आठवड्यांनी ओघळ पुन्हा हजर. श्रावणात त्यांनी दुसरी सील बसवली, आणि ह्या वेळी मजुरी घेतली नाही. भाद्रपदात गणपतीसाठी आम्ही चिपळूणकडे निघालो. गाडीत मी, सौभाग्यवती, सून आणि सहा वर्षांची नात. कोयनानगर मागे पडले, कुंभार्ली घाट उतरू लागलो, आणि दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तशी गाडी उजवीकडे ओढली गेली. डावे मागचे चाक धरतच नव्हते. तेल ड्रममध्ये उतरून ब्रेकचे लायनर भिजले होते. मी गाडी खालच्या गियरमध्ये घातली आणि इंजिनाच्या जोरावर, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, ती पोफळीपर्यंत उतरवली. नात मागे गाणे म्हणत होती. तिला काही कळले नाही. पण सौभाग्यवतींना कळले होते. त्या घाट संपेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि चिपळूणला पोचल्यावर म्हणाल्या, “ह्या गाडीत मी पोरीला पुन्हा बसू देणार नाही.”

परत आल्याबरोबर मी मेस्त्रींच्या दुकानात गेलो. तिथे दोन पोरे कामाला होती, एक गिऱ्हाईक बसले होते. त्या सर्वांदेखत मी म्हणालो, “मेस्त्री, आता तुमची नजर गेली. हातातला पाना खाली ठेवा.” ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी फडक्याने हात पुसले आणि आत निघून गेले.

मग मी गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या तरुणाने खाली वाकून पाहिले आणि निदान केले, की आसाची नळीच वाकली आहे. सबंध आस बदलावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा मी इथे लिहीत नाही. सणासुदीला तो वाचवणार नाही. सौभाग्यवतींचे मत पडले, की गाडी भंगारात द्यावी. मीही मनातून त्याच विचाराला आलो होतो.

भंगारवाल्याला कागदपत्रे दाखवावी लागतील म्हणून कपाट उघडले, तेव्हा ती वही हाती आली. सहज चाळू लागलो. वैशाखातल्या पानावर माझ्याच अक्षरात नोंद होती: ‘अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस. गाडी खालून धुतली. गंज चढू नये म्हणून खालच्या अंगाला काळा रंग स्वतः दिला.’ आणि त्याखाली, अकरा दिवसांनंतरची: ‘मागील डाव्या चाकाशी ओल. धुण्याचे पाणी असावे.’

वैशाखात! पाऊस लागण्याच्या महिनाभर आधी! जन्मभर पोरांना मी एकच गोष्ट शिकवत आलो होतो, की ‘कोणी केले’ हे विचारण्याआधी ‘केव्हापासून’ हे विचारावे. सनावळी चुकली की निष्पाप माणूस गुन्हेगार ठरतो. मेस्त्रींनी पहिल्या दिवशी नेमके तेच विचारले होते, आणि इतिहासाच्या मास्तराने त्यांना चुकीची तारीख सांगितली होती.

रंग दिल्यावर गळती सुरू झाली, एवढे कळले. पण रंगाचा आणि तेलाचा काय संबंध? मी वहीची मागची पाने उलटली. वडिलांच्या हातची एक नोंद दर दसऱ्याला सापडली: ‘आसाची श्वासनळी साफ केली.’ एकाही वर्षी चुकलेली नाही. त्यांच्यानंतर माझ्या अक्षरात ती एकदाही नाही. शस्त्रपूजेच्या दिवशीचा वडिलांचा काहीतरी नेम असावा, अशा समजुतीने मी ती ओळ इतकी वर्षे वाचून सोडून दिली होती.

विजेरी घेऊन गाडीखाली गेलो. आसाच्या नळीवर, वरच्या अंगाला, कोटाच्या बटणाएवढी एक गोटी होती. वैशाखात ती मला बोल्टचे डोके वाटली होती, आणि मी तिच्यावर ब्रशाचे दोन जाड हात दिले होते. हाच तो ब्रीदर. गाडी चालली की आतले तेल तापते, तेलाबरोबर हवा तापते, आणि तापलेली हवा फुगते. पंचवीस अंशांवरची कोंडलेली हवा ऐंशी अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ह्या गोटीतल्या बारीक छिद्रातून ती एरवी मुकाट्याने बाहेर जाते. छिद्र बुजले की ती दुसरे दार शोधते, आणि दुसरे दार म्हणजे सीलचा नाजूक ओठ. हवा तेलाला पुढे घालून त्यातून निघते.

खात्री करून घेण्यासाठी गाडी पंधरा किलोमीटर फिरवून आणली, आणि आसाच्या पोटावरचे तेल भरायचे झाकण पान्याने हळूहळू सैल केले. दुसऱ्या आट्याला आतून ‘सुस्स’ असा लांब निःश्वास निघाला. तो ऐकून मला हायसे वाटले, आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

त्याच संध्याकाळी वही काखेत मारून मी मेस्त्रींच्या दुकानात गेलो. तीच दोन पोरे होती, बरे झाले. वैशाखाचे पान उघडून मी त्यांच्यापुढे धरले आणि त्या पोरांदेखत म्हणालो, “मेस्त्री, चूक माझी. तुमची सील चांगली होती. मीच गाडीचा श्वास कोंडला. मागे इथे उभा राहून जे बोललो, ते मला बोलायला नको होते.”

मेस्त्रींनी चष्मा लावला, नोंद वाचली. मग शांतपणे म्हणाले, “निम्मी तुमची. दांड्यावर चर पडलेली मला पहिल्याच बारीला दिसली हुती. बारीक हाय म्हणून सोडली. आन् ब्रीदर बघायचा तर मीबी राहिलोच की. आण्णा असते तर त्यांनी दोघांनाबी शिव्या घातल्या असत्या.” आण्णा म्हणजे माझे वडील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून काम काढले. पुढच्या चाकांना लाकडी गुटके लावले, मागून जॅक देऊन चासीखाली घोड्या ठेवल्या. चाक उतरवले, टोकाचा मोठा नट काढला, आणि पुलर लावून ड्रम ओढला. पुलर नसला की लोक दांड्याच्या टोकावर घण घालतात. तो धक्का आत पोचून नुकसान करतो, असे मेस्त्रींनी बजावले. ब्रेकच्या ताटाखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या त्यांनी मोजून एका कागदात बांधल्या. त्या चकत्यांवर दांड्याची मोकळीक ठरते. एक हरवली तरी बेअरिंग आवळते किंवा सैल पडते. मग दांडा बाहेर आला. ओठ जिथे टेकतो तिथे मेस्त्रींनी माझे नख फिरवायला लावले. नख किंचित अडकले. दाब दोन्ही बाजूंना सारखाच होता. पण तेल डावीकडूनच का गेले, ते त्या चरीने सांगितले.

दांडा बारीक एमरी कागदाने साफ करून त्यांनी नवी सील जुन्या जागेपेक्षा थोडी अलीकडे बसवली, म्हणजे ओठ चरीवर न पडता कोऱ्या लोखंडावर टेकावा. ओठाला आधी तेल लावले. लाकडाचा ठोकळा धरून सील चहूबाजूंनी सारखी ठोकली. तेलात भिजलेले लायनर जाळून-पुसून पुन्हा लावायचे नसतात. म्हणून दोन्ही मागच्या चाकांना नवे घातले. ब्रीदर खोलून रॉकेलमध्ये बुडवला, तारेने साफ केला, आणि फुंकर मारून पाहिली. शेवटी नव्वद नंबरचे तेल भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत आणून झाकण लावले. भोकाच्या वर तेल भरणे हेही गळतीचे एक कारण असते, हे त्यांनी जाता जाता सांगितले. सर्व मिळून जो खर्च आला, तो त्या मोठ्या गॅरेजच्या आकड्यापुढे नगण्य होता.

चार दिवस गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवले. रोज सकाळी मी ते उचलून पाही; कोरडे असे. पाचव्या दिवशी मी आणि मेस्त्री दोघेच कुंभार्ली घाट उतरून, चढून आलो. परत आल्यावर ड्रमला हात लावून पाहिला. कोरडा होता. मी वही उघडली आणि लिहिले: ‘आसाची श्वासनळी साफ केली. मेस्त्रींनी.’ मेस्त्री म्हणाले, “पुढल्या दसऱ्याला मी असलो-नसलो, तरी इसरू नका.”

यंदाच्या दसऱ्याला मी विसरलो नाही. मेस्त्रीही होते, आपट्याचे पान घेऊन आले, चहा घेतला, आणि गाडीखाली वाकून बघून गेले. नातीला आता सात वर्षे झाली. वसुबारसेला सुनेने अंगणात रांगोळी काढली, तेव्हा तिने विचारले, की गाडी बाहेर नेऊन लावायची का. गेल्या वर्षी डागावर रांगोळी बसत नव्हती. मी काही बोलण्याच्या आत सौभाग्यवती म्हणाल्या, “राहू दे तिथेच. भाऊबीजेला आपल्याला तिच्यातूनच चिपळूणला जायचे आहे.”